थोरल्या काकांनी आमच्याच घरावर ठेवलेली पाळत

माझे थोरले काका डिटेक्टिव्ह होते. तंजावुरात डिटेक्टिव्ह कशाला लागतो, असं कुणीही विचारील. मद्रासच्या एका एजन्सीसाठी ते लग्नाआधीच्या चौकशा करत. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं ठरून मोडलं का, घरात कुणाला काही रोग आहे का. हे सगळं गुपचूप करायचं असतं, अशी त्यांची समजूत होती. पण काळा चष्मा लावून ते निघाले की राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत भाजीवालीसुद्धा विचारी, "सार, आज कोण?"

वीस वर्षं त्यांनी एकच नियम पाळला: पाहिलं ते लिहायचं. त्या नियमापायी जिवलग मित्राच्या मुलाचं लग्न मोडलं आणि मित्र कायमचा तुटला. काका त्या दिवशी जेवले नाहीत, पण अहवालातला एक शब्द त्यांनी बदलला नाही. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला होता. दुसऱ्याचं घर होतं ना!

मी सव्वीस वर्षांची असताना मला एक स्थळ सांगून आलं. माणसं आपलीच, मराठी, पण तीन पिढ्या कोइमतूरला राहिलेली. मुलगा बंगलोरच्या एका नव्या कॉम्प्युटर कंपनीत होता. पापनाशमला एका लग्नात आम्ही भेटलो होतो. बसवाल्याशी मी कडाकडा भांडत होते आणि हा बाजूला उभा राहून माझी पिशवी सांभाळत होता. मला तो मनापासून आवडला होता, हे आज सांगायला काय हरकत आहे?

त्याच सुमारास काकांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत असल्याचं निघालं. आजीही त्याच दुखण्यानं गेली होती. पोंगलपर्यंत काढतील की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं. हे दुखणं घराण्यातून येऊ शकतं, असंही म्हणाले. माझं लग्न होईपर्यंत ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, असं घरात ठरलं.

आणि एका सकाळी काका मला समोरच्या एसटीडी बूथमध्ये दिसले. काचेच्या त्या खोक्यात रिसीव्हर कानाला लावून, काळा चष्मा घालून ते आमच्या दाराकडं पाहत होते. येणारे-जाणारे त्यांना हात करत होते. मी तरातरा गेले आणि दार उघडलं.

"काका, इथं काय करतां?"

"पाळत. तुझ्या सोयरिकीची चौकशी एजन्सीकडं आली. तंजावुरात त्यांचा माणूस मीच एकटा."

"मग नक्को म्हणून सांगा की!"

"मी नक्को म्हटलं तर तिरुच्चीहून कोणास तरी पाठवतील. त्यास आपली गल्ली ठाऊक नाही. अस्कं, सगळंच चुकीचं लिहील तो."

आठवडाभर हा तमाशा चालला. स्वयंपाकघराच्या दारात वही घेऊन उभं राहून त्यांनी आईला तिचा स्वभाव विचारला. ती म्हणाली, "तीस वर्षं मी वाढलेलं जेवतां, भावोजी, अजून कळला नाही?" त्यांनी तेही लिहून घेतलं. कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याला त्यांनी परक्यासारखं स्वतःबद्दलच विचारलं. तोही खट्याळ. म्हणाला, "तो? माणूस सरळ. पण कोणाचं बरं झालेलं त्यास बघवत नाही." संध्याकाळी काकांनी मला विचारलं, "खरं का गं ते?" मी रागात होते. हो म्हणाले.

दुखण्याचं तेवढं लिहू नका, म्हणून मी हातापाया पडले. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. मी त्यांची सकाळची कॉफी नेऊन देणं बंद केलं.

पंधरा दिवसांनी मुलाचे वडील आमच्याकडं आले. साधा, भिडस्त माणूस. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून एक जाड पाकीट काढलं आणि लाजत म्हणाले, "चौकशीचा हट्ट माझ्या मेहुण्याचा, हां. पण हे मराठी अक्षरांत आलंय. घरी आम्ही मराठी बोलतों, वाचाला कोणासच येत नाही. बाहेर दाखवलं तर घरची गोष्ट गावभर होईल. तू हिंदी शिकवतेस ना, बाळ? अक्षरं तीच. तूच वाच."

म्हणजे माझ्यावरचा गुप्त अहवाल मलाच वाचून दाखवायचा होता. काका झोपाळ्यावर बसले होते, चष्म्यासकट.

मी वाचू लागले. मुलगी हट्टी. जेवताना पुस्तक वाचते. आवाज मोठा, मन साफ. बापास राग लवकर येतो, लवकर जातो. मुलाचे वडील खूश होऊन हसत होते. तिसऱ्या पानावर ती ओळ आली. मुलीचा थोरला काका याच घरात राहतो, मूत्रपिंडाच्या रोगानं आजारी आहे, फार दिवसांचा सोबती नाही, त्याची आई याच रोगानं गेली, पुढं कोणास होईल सांगता येत नाही.

मी थांबले आणि मग माझ्या लक्षात आलं. काकांचे अहवाल इंग्रजीत असत, टाईप केलेले. हाच एक हातानं, देवनागरीत लिहिलेला होता. गल्लीत ही अक्षरं वाचणारे दोघंच, ते आणि मी. मुलाच्या घरी ती कुणाला येत नाहीत आणि हा माणूस कागद बाहेर दाखवणार नाही, हे सगळं काकांनी हुडकून काढलं असणार. त्यांनी खरं तेच लिहिलं होतं. गाळायचं काम माझ्यावर सोडलं होतं.

माझं डोकंच फिरलं. यांचे हात स्वच्छ राहणार आणि खोटं मी बोलायचं? मी ती ओळ मोठ्यानं वाचली, एक अक्षर न गाळता. झोपाळा थांबला. काकांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे इतके सुजलेत हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मुलाच्या वडिलांनी कॉफी संपवली, कागद नीट घडी करून ठेवले आणि कळवतो म्हणाले. त्यांनी कधीच कळवलं नाही.

पोंगलच्या आधीचा मार्गळी महिना लागताना काकांना इस्पितळात हलवलं. मी डबा घेऊन जाई, ठेवून परत येई. एकदा त्यांनी विचारलं, "ती ओळ का वाचलीस गं?"

"तुम्ही लिहिली म्हणून."

"तू सोडशील म्हणून तशी लिहिली. जन्मल्यापासून पाहतों तुज. तरी चुकलों."

वीस वर्षांत एकदाच त्यांनी आपला नियम वाकवला होता, आणि तो माझ्यासाठी. हे मला त्या क्षणी कळलं होतं. तरी मी डबा उचलला आणि उशीर होतो म्हणून निघाले. शिकवणीची मुलं यायला अजून तासभर होता.