दुय्यम दूध

डेअरीत त्याला सगळे नाकोबा म्हणत, आणि तेही तोंडावर. तो ओ द्यायचा, म्हणजे बघा. नाक काही फार मोठं नव्हतं हो, चारचौघांसारखंच, डावीकडे जरासं कललेलं. पण त्या नाकावर त्याचं पोट चालायचं. टेम्पोतून दुधाचे कॅन ओट्यावर उतरले की हा लाकडी हातोडीने झाकणाच्या कडेला एक टोला हाणायचा, झाकण उचलायचा, वाकून वास घ्यायचा आणि मान वर करायच्या आत निकाल द्यायचा. "चालेल." "दुय्यम." "परत." संपलं. बायको म्हणायची, घरीसुद्धा हा एवढंच बोलतो, आणि माझ्या स्वयंपाकाला 'चालेल'च्या वर कधी चढवलं नाही मेल्याने.

चालेल म्हणजे कॅन मोठ्या टाकीत आणि पूर्ण भाव. परत म्हणजे आल्या टेम्पोने घरी. दुय्यम हे दोहोंच्या मधलं. दूध नासलेलं नाही, पण उन्हाने त्याला धरलंय, तासाभरात आंबणार. ते बाजूच्या छोट्या टाकीत जायचं, डेअरी त्याची मलई काढून घ्यायची, आणि ज्याचं दूध त्याला पाऊण भाव मिळायचा. पाऊण तर पाऊण, पण घरात चूल पेटायची.

उन्हाळ्यात त्याची ताई ह्या पाऊण भावावरच जगायची.

ताई म्हणजे सख्खी थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा रांगत होता. ताईने त्याला कडेवर घेऊन वाढवलं, त्याच्यासाठी स्वतःचं लग्न लांबवलं, आणि डेअरीला माणूस हवाय असं कानावर आल्यावर मॅनेजरच्या दारात ठाण मांडून बसली तीही हीच. "घेतल्याशिवाय हलायची नाही," म्हणाली, आणि हलली नाही. आता नवरा गेलेला, मूलबाळ नाही, दोन गाई आणि टेकडीपलीकडचं शेवटचं घर. टेम्पो रिकामा वर जायचा, पहिला कॅन ताईचा भरायचा आणि मग दारोदार थांबत खाली यायचा. म्हणजे सगळ्यात जास्त ऊन खायचं ते तिच्याच दुधाने. थंडीत तिचं दूध 'चालेल', उन्हाळ्यात 'दुय्यम'. कोणाची काही तक्रार नव्हती.

मग सरकारला दूधवाल्यांचा कळवळा आला.

तसं कारणही होतं, उगाच नाही. बाकीच्या डेअऱ्यांनी त्या दुय्यमचा पार धंदा करून टाकला होता. चांगलं धारोष्ण दूध, तेही दुय्यम म्हणून पाऊण भावात गिळायचे. तेव्हा हुकूम निघाला. दुधाचा किमान भाव ठरला, त्याखाली कोणी कोणाचं दूध घ्यायचं नाही, आणि दुय्यम हा प्रकारच रद्द. लोकांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. सगळ्यात खूश ताई. त्या रविवारी तो भेटायला गेला तर दारातूनच ओरडली, "ऐकलंस का रे? आता मलाही पूर्ण भाव!"

त्याने चपला काढायला उगाच वेळ लावला. कारण आदल्याच दिवशी मॅनेजरने छोटी टाकी घासून पालथी घालायला लावली होती. "आंबायला टेकलेलं दूध मी पूर्ण भावाने घेऊ? मला काय वेड लागलंय?" तो म्हणाला होता. त्याचंही काही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत. पण एवढ्या आनंदात असलेल्या बाईला हे सांगायचं कसं? तो चहा पिऊन गुपचूप परत आला.

ऊन तापलं त्या दिवशी ताईचा कॅन ओट्यावर आला. टोला मारला, झाकण उचललं, वाकला. जिभेवर 'दुय्यम' तयार होता. तो गिळला आणि म्हणाला, "परत."

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशीही परत. रविवारी ताईने त्याला समोर बसवलं. चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

"मी काय करू सांग. बर्फ घालू?"

"बर्फ आणणार कुठून?"

"मग?"

"मग काही नाही ताई. घर जवळ असायला हवं होतं."

हे म्हणजे बुडणाऱ्याला पाणी खोल आहे म्हणून सांगण्यासारखं झालं. त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि विषय बदलायचा म्हणून तो ओट्यावरच्या गमती सांगायला लागला. पूर्वी एक दूधवाला होता, डोक्याने महा बेरकी. खायचा सोडा चिमूटभर टाकायचा दुधात. आंबूसपणा साफ मारला जायचा, वासच नाही. भल्याभल्यांना फसवलं पठ्ठ्याने. "पण मी असा पकडला ना त्याला!" नाकोबा मांडीवर थाप मारून म्हणाला. "सगळ्या जगाला फसवशील, ह्या नाकाला नाही!"

ताई हसली. खूप दिवसांनी हसली म्हणून तोही हसला.

तिने मनाशी काय हिशेब केला हे त्याला पुढे कळलं. जगाला फसवता येतं. नाकाला येत नाही. पण नाक तर घरचंच आहे.

इकडे डेअऱ्यांनी हुकुमातून पळवाट काढलीच. भाव पाडता येत नाही ना, मग चांगलं दूधही 'परत' म्हणायचं, आणि संध्याकाळी मागच्या दाराने तेच अर्ध्या भावात उचलायचं. आमच्या मॅनेजरनेही नाकोबाच्या खांद्यावर हात ठेवून बघितलं. "जरा सढळ हाताने परत म्हणत जा की." हा म्हणाला, "माझं नाक विकायला काढलेलं नाही." तेव्हा सरकारने दुसरा हुकूम काढला. परत पाठवलेल्या प्रत्येक कॅनचं कारण दूधवाल्यासमोर मोठ्याने सांगायचं, आणि चांगलं दूध नाकारलं तर नाकारणाऱ्याची नोकरी जाणार. शिवाय दुधात भेसळ करणाऱ्याचं नाव कायमचं बाद. मग एकाही डेअरीने त्याचं दूध घ्यायचं नाही. ज्याने भेसळ शिकवली, त्यालाही तीच शिक्षा, आणि तो डेअरीचा माणूस असला तर नोकरी गेली.

आणि तपासायला इन्स्पेक्टर मॅडम आल्या. तरुण पोरगी, केस घट्ट बांधलेले, हातात नळ्यांची पेटी. खडूस असेल म्हणून सगळे टरकले होते, तर अगदी अदबीने बोलणारी निघाली. सगळ्यांना "अहो, बसा ना," म्हणत होती.

त्या दिवशी टेम्पोतून कॅनबरोबर ताईही उतरली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, आणि चेहरा असा की जणू मुलीचं लग्न ठरलंय. सरकारचं माणूस आलंय, आज आपल्याला पूर्ण भाव मिळताना डोळ्यांनी बघायचा, एवढ्यासाठी ती टेकडी उतरून आली होती. भावाकडे बघून तिने हळूच मान हलवली. त्याला वाटलं, सहजच.

कॅन त्याच्यासमोर आला. टोला मारला, झाकण उचललं, वाकला.

वास नव्हता.

आंबूस नव्हता, गोड नव्हता, गाईचाही नव्हता. भर उन्हात सगळा रस्ता हिंडून आलेलं दूध, आणि वास नाही! त्याने बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं. साबणासारखं बुळबुळीत लागलं. मान वर करायला त्याला पहिल्यांदाच एवढा वेळ लागला.

"चालेल" म्हणावं, तर हे मोठ्या टाकीत जाणार. आज मॅडम टाकीही तपासणार आहेत. टाकीत सोडा निघाला की गावोगावच्या घरांचं सकाळचं सगळं दूध गटारात. खरं सांगावं, तर ताईचं नाव कायमचं बाद. त्याने मधला मार्ग शोधला. बिचाऱ्याचं सगळं आयुष्य मधल्यावरच गेलं होतं.

"परत," तो म्हणाला. "आंबूस आहे."

मॅडम पुढे आल्या. स्वतः वाकल्या. "मला तर काहीच वास येत नाही." नळीत दूध घेऊन आंबटपणाची तपासणी केली. त्यात काय निघणार, कपाळ! "दूध उत्तम आहे," त्या म्हणाल्या आणि नाकोबाकडे असं बघितलं, जसं आपण चोराकडे बघतो. "हेच पकडायला मी आलेय. किती दिवस चाललंय हे?" मग ताईकडे वळून, आवाज मऊ करून म्हणाल्या, "मावशी, तुमच्या दुधाला काही झालेलं नाही. तुम्हाला पूर्ण भाव मिळणार. ओता रे हे टाकीत."

ताईचा चेहरा असा फुलला, असा फुलला, की काय सांगू. तेवढा एक क्षण तिला मिळाला.

हमालाने कॅन उचलला, टाकीच्या तोंडाला टेकवला आणि तिरका केला.

"थांब!" नाकोबा ओरडला. "ओतू नको. सोडा आहे त्यात."

मॅडमनी दुसरी नळी काढली, दुधात दोन थेंब टाकले. दूध गुलाबी झालं. छान गुलाबी, अगदी लहान मुलीच्या झग्यासारखं. ताई त्या नळीकडे बघत राहिली. भावाकडे तिने बघितलंच नाही.

मॅडमनाही वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "मावशी, हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

नाकोबाने तोंड उघडलं. खरंच उघडलं, मी म्हणतोय ते खरं माना. पण शब्द बाहेर यायच्या आत ताई बोलली.

"नवऱ्याने."

"कुठे आहेत ते?"

"देवाघरी."

ओट्यावरच्या एकूण एक माणसाला ठाऊक होतं की तो नवरा शिंपी होता, आणि गाईला चार पाय असतात ह्याउपर त्याला गाईंबद्दल काही माहीत नव्हतं. कोणी चकार शब्द काढला नाही. हमालाने कॅन खाली ठेवला. मॅडमनी ताईचं म्हणणं लिहून घेतलं, आणि त्याच दिवशी तिचं नाव बाद झालं.

संध्याकाळी तो टेकडी चढून गेला. वाटभर काय काय बोलायचं ते जुळवत होता. ताई गोठ्यात धार काढत होती. तिने मागे न बघताच विचारलं, "जेवून आलास?" त्याला एकदम रडू कोसळलं, एवढा मोठा बाप्या, खांबाला धरून हमसून हमसून रडला. तिने धार थांबवली नाही. गाईला अर्ध्यात सोडून कसं चालेल?

मग तिने पेला भरून त्याच्या हातात दिला. सवयीने त्याचं नाक आधी पेल्यावर गेलं.

"कसं आहे?" ताईने विचारलं.

"चांगलं आहे."

"मग मी रोज काय दुसरं पाठवत होते का रे?"

त्याने दूध पिऊन टाकलं, पेला विसळून पालथा घातला आणि अंधार पडायच्या आत खाली उतरला.

घेणारं कोणी नसलं की गाई ठेवून करायचं काय? पुढच्या बाजारात ताईने दोन्ही विकल्या आणि गावात लोकांची धुणीभांडी धरली. भावाने "माझ्याकडे ये" म्हणून चारदा विनवलं. "बघू," म्हणाली, गेली नाही. गाई ज्याने घेतल्या त्याचं घर डेअरीच्या भिंतीला लागून आहे. त्याचा कॅन रोज सकाळी सगळ्यात आधी ओट्यावर येतो, अजून कोमट असतो. झाकण उचललं की नाकोबाला त्या गाई ओळखू येतात. त्यांना पूर्ण सरकारी भाव मिळतो.