हिरड्यांच्या रंगाचा मंगळ

मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर वेगळे आणि मी वेगळा. डॉक्टर लोकांच्या तोंडात हात घालतात, मी तोंड न बघताच दात करतो. त्यांच्याकडून जबड्याचं माप येतं, मी त्यात प्लास्टर ओततो, त्यावर मेण चढवतो, मेणात दात बसवतो आणि शेवटी गुलाबी मसाल्याची हिरडी करतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी मंगळ बनवला असं म्हणालो की लोक माझ्याकडे भलत्याच नजरेनं बघायला लागतात. मला आकाशातलं काहीही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. नशिबात सासूच तशी आली, त्याला मी काय करणार?

सासूबाई बसस्थानकात घोषणा करायच्या. कुठली गाडी कुठून सुटेल, कुठली उशिरा येईल, कुणाची पिशवी सापडली, सगळं त्यांच्या तोंडून. आवाज असा खणखणीत, की गाडीतून उतरलेला माणूससुद्धा क्षणभर पुन्हा चढावं की काय या विचारात पडायचा. एका संध्याकाळी स्थानकामागच्या मोकळ्या जागेत काही हौशी मंडळी दुर्बीण लावून बसली होती. सासूबाई चहाला बाहेर पडल्या, जाता जाता सहज डोळा लावला आणि त्यांना शनी दिसला, कड्यासकट. चहा राहिला बाजूला. तडक आत गेल्या आणि माइकवर म्हणाल्या, "फलाट क्रमांक सातच्या मागे शनी आलेला आहे. प्रवाशांनी रांगेत यावे. लहान मुलांना उचलून दाखवावे." प्रवासी गेले, हमाल गेले, त्यांच्या मागोमाग ड्रायव्हर-कंडक्टरही गेले आणि त्या संध्याकाळी एकही गाडी वेळेवर हलली नाही. आगारप्रमुखांनी लेखी खुलासा मागितला. सासूबाईंनी एका ओळीत दिला, की आकाश रोज इतकं स्वच्छ नसतं. ही गोष्ट त्या स्वतः सांगतात तेव्हा रांग दर वेळी थोडी लांबते.

तेव्हापासून सासूबाई त्या हौशी मंडळात गेल्या त्या गेल्याच. मंडळ म्हणजे सायकलच्या दुकानावरची एक खोली. दुकानाचा मालक मंडळाचा अध्यक्ष, त्याला सगळे सायकलवालाच म्हणतात. त्याच्याशिवाय एक नर्सबाई, एक लिफ्ट दुरुस्त करणारा आणि अधूनमधून येणारे आठ-दहा जण. दुसऱ्या ग्रहांवर गेलेली यानं फोटो पाठवतात आणि ते फोटो कुणालाही बघायला मोकळे असतात, पण येतात ते तुकड्या-तुकड्यांत. ही मंडळी ते तुकडे जोडतात, मोठ्ठे छापून आणतात आणि रविवारी सकाळी जमिनीवर पसरून त्यावरून गुडघ्यांवर रांगतात. चांगली कमावती माणसं अशी रांगताना मी तिथंच पाहिली. सगळ्यांच्या पुढे सासूबाई. मंगळावरच्या दगडांना त्यांनी नावं ठेवली होती. एक चपटा दगड होता, त्याला त्या 'वन्सं' म्हणायच्या, कारण तो प्रत्येक फोटोत मध्येच यायचा.

त्यांचा खरा जीव मात्र एका विवरावर. मोठा गोल खड्डा, उंच काठाचा. मंडळात त्याला 'कढई' म्हणत. फार फार पूर्वी तिथं पाणी होतं म्हणे. उजवीकडून एक नदी काठ फोडून आत यायची आणि तिनं आणलेला गाळ तळाशी पंख्यासारखा पसरलाय. हे सगळं मला जेवताना ऐकावं लागायचं. मी हूं हूं करत जेवत असे. कुणीतरी यान पाठवून त्या कढईत गाडी उतरवणार अशी बातमी आली तेव्हा तर घरात त्यांचाच साखरपुडा ठरल्यासारखं वातावरण होतं.

आणि मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही, डोळ्यामागचा पडदा हळूहळू खराब होत गेला. डॉक्टरांनी हात टेकले. आता माणूस आला-गेला एवढं कळतं, उजेड कळतो, पण समोर बघावं तिथं नेमका मोठा डाग. रडल्या वगैरे नाहीत. स्वतःच्या खोलीतल्या वस्तूंची जागा पाठ केली, भाजी चिरायला पुन्हा शिकल्या आणि आमच्या अंगावर ओरडणं आहे तसंच चालू ठेवलं. फक्त मंडळात जाणं बंद केलं.

मंडळातले लोक घरी आले. नवे फोटो घेऊन आले, बिचाऱ्यांचा हेतू चांगला होता. नर्सबाई त्यांच्या शेजारी बसून प्रेमानं सांगायला लागल्या, "काय सुंदर आहे हो, अगदी लालसर, असं शांत शांत वाटतं बघून."

"सुंदर म्हणजे किती खोल?" सासूबाईंनी विचारलं.

नर्सबाईंनी फोटो पुन्हा जवळ धरून बघितला. सायकलवाल्यानं सावरून घ्यायचा प्रयत्न केला, "विलक्षण आहे, शब्दच नाहीत."

"शब्द नाहीत तर आलात कशाला?" असं म्हणून त्या उठल्या आणि भिंतीला हात लावत आत निघून गेल्या. नंतर बायकोजवळ निरोप दिला, की मला वर्णनं ऐकवायला कुणी येऊ नये, मी काही अंथरुणाला खिळलेली नाही. गाडी उतरायच्या दिवशी मंडळात जाणार नाही, आणि त्या दिवशी घरात टीव्हीसुद्धा लावायचा नाही.

बायकोचा चेहरा उतरला. रात्री मला म्हणाली, "त्या दिवशी आई गेली नाही ना, तर परत कधीच जाणार नाही. मी ओळखते तिला." मीही ओळखत होतो. हट्टाला पेटलेली माणसं मी कमी पाहिली नाहीत, माझा धंदाच म्हाताऱ्या माणसांचा. पण मी काय करणार होतो? मी शेपूट घालून झोपलो.

दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या टेबलावर एक प्लास्टरचा जबडा विसरलो. बायको असल्या गोष्टींवरून घर डोक्यावर घेते, म्हणून घाईघाईनं उचलायला गेलो तर तो सासूबाईंच्या हातात. दाताच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. "हा माणूस डाव्या बाजूनं चावतो," म्हणाल्या. "इकडच्या दाढा गुळगुळीत झाल्यात." मी म्हटलं, बरोबर. त्या म्हणाल्या, "आणि हा सुळा जरा वाकडा आहे, नाही का?" खरंच वाकडा होता. मी जबडा घेतला, डबा उचलला आणि कामावर न जाता आधी सायकलच्या दुकानात गेलो.

सायकलवाल्यानं कढईचा वरून घेतलेला फोटो दिला. माझ्या दुकानात येऊन मी तो समोरच्या भिंतीला चिकटवला आणि मेण तापवलं. कामं पडून होती, दोन डॉक्टरांचे फोन आले, मी उचलले नाहीत. सांगायला लाज कसली, मला मजा येत होती. दाढेचे उंचवटे करणारा हात तो, काठ, घळी, सगळं कोरलं. साचा घेतला. मंगळ लाल असतो एवढं ठाऊक होतं, माझ्याकडे त्याच्या जवळचा रंग एकच, कवळीच्या हिरडीचा. तोच ओतला. ताटाएवढा मंगळ तयार झाला, चांगला घोटून गुळगुळीत केलेला, बघणाऱ्याला वाटावं कुण्या राक्षसाची टाळू आहे.

घरी नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवला. "ही तुमची कढई," म्हटलं. त्यांनी दोन्ही हात ठेवले. बोटं काठावरून फिरली, मग मधोमध गेली, थांबली, परत फिरली. मग त्यांनी मान खाली घातली आणि खांदे हलायला लागले. बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की मी दाराकडेच सरकलो. तेवढ्यात सासूबाईंनी मान वर केली. त्या हसत होत्या. हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं होतं.

"जावईबापू," म्हणाल्या, "तुम्ही टेकडी केलीत. आणि नदी डोंगरावरून चालवलीत."

झालं होतं असं, की मी फोटो उलटा चिकटवला होता. त्या म्हणाल्या, यानाच्या फोटोत हा घोळ सगळ्यांचा होतो. चित्र उलटं धरलं की उजेड खालून पडल्यासारखा दिसतो आणि खड्डे वर येतात. मंडळातल्या प्रत्येकानं आयुष्यात एकदा तरी खड्ड्यावर चढाई केलेली आहे. "आता तुम्हीही आमच्यातले झालात," म्हणाल्या, आणि पुन्हा हसायला लागल्या. कित्येक महिन्यांनी घरात तो आवाज ऐकला. बायको स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासायला लागली.

मी मात्र चिडलो होतो. उलट्याचं सुलट करणं हा माझा रोजचा धंदा, आणि मी इथं फसावं? मला वाटलं, सोपं आहे, या टेकडीचाच ठसा घेऊ, उंचवट्याचा खड्डा होईल, काम फत्ते. दुसऱ्या दिवशी तसंच केलं. त्यांनी बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "खड्डा झाला. पण आता सगळं आरशात बघितल्यासारखं झालंय. नदीनं ज्या अंगाला वळायला हवं त्याच्या बरोबर उलट वळलीय." ठशात डाव्याचं उजवं होतं हे माझ्या दुकानात झाडू मारणाऱ्या बाईलाही माहीत आहे. मी कपाळाला हात लावला.

"उद्या मीच येते तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "तुमच्या एकट्याच्यानं होणारं काम नाही हे."

आल्या. माझ्या कामाच्या टेबलाशी स्टूल घेऊन बसल्या, आणि रोज यायला लागल्या. मी मेण कोरायचो, त्या बोटानं तपासायच्या. "इथं काठ खचलाय, कमी करा. पंख्याला तीन फाटे आहेत, तुम्ही दोनच केलेत." वर्षानुवर्षं गुडघ्यांवर रांगून बघितलेलं सगळं त्यांच्या डोक्यात जागच्या जागी होतं. मीही हट्टाला पेटलो, "काठ एवढाच खचलाय कशावरून?" म्हणून भांडायला लागलो. एका डॉक्टरांनी येऊन विचारलं, माझ्या पेशंटच्या कवळीचं काय झालं. सासूबाईंनीच उत्तर दिलं, "उशिरा येत आहे, प्रवाशांनी सहकार्य करावे." डॉक्टर आल्या पावली परत गेले.

शेवटचा हात फिरवून झाल्यावर त्यांनी कढईवर तळवा ठेवला. मग म्हणाल्या, "मी येईन मंडळात. पण हे घेऊन येईन. आणि कुणी मला काही सांगायचं नाही." माझा जीव भांड्यात पडला.

गाडी उतरायच्या सकाळी ती खोली गच्च भरली होती. पडदा लावला होता आणि पडद्यावर दिसत काय होतं, तर एका मोठ्या दालनात बसलेली माणसं, जी आपापल्या पडद्यांकडे बघत होती. यान उतरताना कुणालाच काही दिसत नाही हे मला तेव्हा कळलं. दूरवरून येणारे इशारे वाचून कुणीतरी सांगतं, आता हवेत शिरलं, आता छत्री उघडली, आणि सगळे नुसते ऐकत बसतात. तेही तिथं घडून गेलेलं असतं, आपल्याला उशिरा पोचतं. अख्ख्या खोलीत सासूबाईच एकट्या अशा होत्या ज्यांना या प्रकाराची सवय होती.

त्यांनी गुलाबी कढई टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "पडद्यात काय बघताय? इकडे या." मग एकेकाचं बोट धरून काठावर ठेवलं. सायकलवाला, लिफ्टवाला, नर्सबाई, माझी बायको, सगळ्यांचे हात एकमेकांत अडकले. माझंही बोट धरून नेऊन ठेवलं. आणि मग त्यांचा तो आवाज लागला. "वेग कमी होत आहे. छत्री उघडलेली आहे. गाडी काठावरून आत येत आहे, बोटं खाली घ्या, सावकाश. डावीकडे मोठे दगड आहेत, तिकडे जाऊ नका. थोडं उजवीकडे. अजून खाली." आमची बोटं उतारावरून सरकत तळाला आली. पडद्यातला आवाज थांबला. सासूबाईही थांबल्या.

मग पडद्यातल्या माणसांनी एकदम उड्या मारल्या.

आमच्या खोलीत जे झालं ते सांगण्यात अर्थ नाही. सायकलवाला मला मिठी मारून रडला. मीसुद्धा रडलो असेन, बायको तसं म्हणते. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं की पहिला फोटो आला, आणि सगळी गर्दी पडद्याकडे धावली. टेबलापाशी सासूबाई राहिल्या आणि मी.

"तुम्ही नाही गेलात?" त्यांनी विचारलं.

"माझं बोट तळाला आहे," मी म्हटलं. "हललं तर जागा जाईल."

त्या माझ्या मनगटावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "जा. बघा आणि मला सांगा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. मग गर्दीतून वाट काढत गेलो, बघितलं आणि परत आलो. "धूळ आहे," म्हटलं. "पुढे एक चाक दिसतं. चाकाशी चार दगड, दाढेसारखे, वरून झिजलेले. लांब एक रेघ आहे, काठाची असावी. डावीकडे उंच, मग एकदम खाली उतरते, मधे एक खाच, मग पुन्हा चढते."

सासूबाईंचं बोट काठावर गेलं. सावकाश फिरत गेलं, उंचवट्यावर चढलं, उतरलं आणि खाचेत अडकलं. तिथून त्यांनी सरळ रेषेत बोट आत आणलं, पंख्याच्या कडेला थांबवलं आणि दाबून धरलं.

"आपण इथं आहोत," म्हणाल्या. चेहरा असा उजळला होता की मला कुठं बघावं कळेना. "म्हणजे नदीचं तोंड उजव्या हाताला असणार. दिसतं का बघा बरं."

मी पुन्हा पडद्यापाशी गेलो, सायकलवाल्याला बाजूला सारलं आणि नीट बघायला लागलो.