मुलींना माफ, मला पूर्ण

"मुलगी कुठाय?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

मुलुंडच्या एका कॉलेजात बालसंगोपनाच्या पदविकेला प्रवेश घ्यायला मी गेलो होतो, एकटाच. कोर्स मलाच करायचाय म्हटल्यावर बाईंनी मला दाढीसकट नीट पाहून घेतलं. मग म्हणाल्या, "मुलींना फी माफ आहे. तुम्हाला पूर्ण भरावी लागेल. हप्ते करून देऊ हवं तर." आकडा ऐकून माझ्या तोंडचं पाणी पळालं.

घाटकोपरला आमच्या दोन खोल्यांत आई पाळणाघर चालवते. मला कळायला लागलं तेव्हापासून घरात कुणाचं ना कुणाचं मूल रडत असायचं आणि मी उचललं की गप्प व्हायचं. दुसऱ्या कशात माझा हात असा चालला नाही. बारावीनंतर मी आईबरोबर हेच करत होतो. मित्र मला 'आयाबाई' म्हणत, म्हणोत बापडे. पण हल्ली मूल ठेवायला येणारे आईबाप दारातूनच विचारायचे, "ट्रेन्ड कोणी आहे का?" नाही म्हटलं की चपला न काढताच परत फिरायचे. मुलं कमी होत चालली होती. पाळणाघर टिकवायचं तर मला तो कोर्स हवाच होता.

घरी येऊन हे सांगितलं, तर आईने लगेच तोड काढली. "नाव हिचं घाल," ती माझ्या धाकट्या बहिणीकडे बोट दाखवून म्हणाली. बहीण नुकतीच बारावी झाली होती. "हिला फुकट आहे ना? ही शिकेल, घरी येऊन तुला सांगेल. घरात एक सर्टिफिकेट आलं म्हणजे झालं."

बहिणीला कॉमर्सला जायचं होतं. मुलांच्या रडण्याने तिचं डोकं उठतं. कानात बोळे घालून तिने बारावीचा अभ्यास केला होता. तरी ती एवढंच म्हणाली, "चालेल ना." आणि भरून ठेवलेला कॉमर्सचा फॉर्म तिने गादीखाली सरकवला.

ते पाहून माझं डोकंच फिरलं.

"आई, मामाच्या फीसाठी तुझी शाळा सातवीत सुटली. अजून बोलून दाखवतेस. आणि आता माझ्यासाठी हिचं तेच करतेस?"

आई दुधाच्या बाटल्या धूत होती. "मी काय हिची शाळा बंद करतेय? फुकट शिकेल ती."

"तिला नको ते फुकट शिकेल. मला हवं ते मी पैसे भरून शिकेन."

"पैसे खयसून हाडतलस?" चिडली की आई मालवणीवर येते. मी म्हटलं, कुठूनही आणीन, पण हिचं नाव घालणार नाही.

त्या सवलतीवर माझा राग नव्हता, आजही नाही. मुलींना माफ असायलाच हवं. आईच्या वेळी असं काही असतं तर ती आठवीत बसली असती. पण मुलीसाठी ठेवलेली सवलत घरातल्या मुलाने तिच्या नावावर खायची, हे माझ्या घशाखाली उतरेना.

आईने अबोला धरला. नुसत्या बाटल्या आदळत होती. पाळणाघर एरवी सातला बंद व्हायचं. पण एका सकाळी तिने दारावर स्वतःच्या हाताने लिहिलेली पाटी लावली : 'रात्री नऊपर्यंत मुले सांभाळली जातील.' अक्षर सातवीतलंच होतं, मोठं आणि गोल.

"सातनंतरचे पैसे तुझ्या फीला," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "पण सातनंतर मुलं तूच बघायचीस. माझी कंबर आताच मोडते." मग बहिणीला म्हणाली, "काढ गो तो फॉर्म गादीखालून."

कामावरून उशिरा सुटणाऱ्या आईबापांना ती पाटी पाहून हायसं वाटलं. काहींनी महिन्याचे पैसे आगाऊ दिले. दिवसभराची मुलं आणि वर ही संध्याकाळची, माझी पार वाट लागली, पण एकही संध्याकाळ बुडवली नाही. पहिल्या हप्त्यापुरतं जमलं तेव्हा प्रवेशाची मुदत संपत आली होती.

खिडकीत त्याच बाई होत्या. मला विसरल्या होत्या.

"मुलगी कुठाय?"

"मुलगी कॉमर्सला गेली," मी म्हटलं. "इथे मी आहे. हप्त्याने घ्या, पण पूर्ण घ्या."