उलटा झेंडा

ती घटना आजही आठवली की माझं डोकं फिरतं. महाराष्ट्र पोलिसांतून निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी कतारमध्ये, दोह्यात एका बांधकाम कंपनीचा सिक्युरिटीप्रमुख झालो. तिथल्या मदिनत खलीफा भागात कंपनीचे व्हिला होते, त्यातल्या सगळ्यांत मोठ्यात ब्रिटिश जनरल मॅनेजर राहायचा. इराकवर बॉम्ब पडायला लागले तसा याने अंगणात युनियन जॅक लावला. म्हणे, आमचे जवान लढतायत! रोज सकाळी झेंडा चढवायचं काम त्याच्या ड्रायव्हरकडे. ड्रायव्हर रत्नागिरीकडचा, मुसलमान, अत्यंत मितभाषी.

एके सकाळी मॅनेजरचा फोन आला, ताबडतोब या. गेलो. झेंडा तर व्यवस्थित फडकत होता.

"उलटा आहे!" तो ओरडला. "काठीकडचा रुंद पांढरा पट्टा वर हवा. हा आमच्या सैन्याचा अपमान आहे. माझ्या ड्रायव्हरने केलाय आणि का केलाय ते मला कळतं. संध्याकाळपर्यंत जबाब घ्या. उद्या त्याला विमानात बसवतो."

म्हणजे तपासाआधीच निकाल! तळपायाची आग मस्तकात गेली.

मी आधी झेंडा उतरवून पंचनाम्यासारखा तपासला. या झेंड्याच्या वरच्या कोपऱ्याला लाकडी गुल्ली शिवलेली असते, ती दोरीच्या फासात अडकवायची. त्यामुळे तो चुकून उलटा चढत नाही. इथे गुल्ली उसवून खालच्या कोपऱ्याला शिवली होती, टाके ताजे होते.

ड्रायव्हरला केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं. पाणी पिताना माणसाचे हात बघावेत, हा माझा जुना रिवाज. त्याने दोन्ही हातांनी ग्लास रिकामा केला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

"या झेंड्याची वरची बाजू कुठली?"

"गुल्लीची, साहेब. मला तेवढंच शिकवलंय."

"या लढाईबद्दल तुला काय वाटतं?"

"मला काही वाटून चालतं का, साहेब?"

या झेंड्याला वर-खाली असतं हे त्या सकाळपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं, मग याला कुठून असणार? गुल्ली हलवणाऱ्याला ते ठाऊक होतं, म्हणजे हे काम घरातल्याच माणसाचं होतं. दुपारी मॅनेजरकडची वसईची स्वयंपाकीण केबिनच्या दाराशी आली. "साहेब, माझं नाव नका घेऊ. काल बेबीने माझा शिवणाचा डबा मागितला. तिने कधी बटण लावलेलं नाही हो!"

बेबी म्हणजे मॅनेजरची मुलगी, लंडनला कॉलेजात, सुट्टीला आलेली. मी बापासमोरच विचारलं. तिने तिथल्या तिथे कबूल केलं. लंडनच्या युद्धविरोधी मोर्च्यात ती चालली होती, लाखो लोकांचं सरकारने ऐकलं नाही म्हणून संतापली होती. "उलटा झेंडा ही संकटाची खूण असते. देश संकटात आहे, म्हणून उलटा," ती म्हणाली. "पण आळ त्याच्यावर येईल असं वाटलंच नाही."

"वाटायला हवं होतं, पोरी," मी म्हटलं.

आणि बाप? बाप हसला! "हिची मतं फार ठाम आहेत. आमच्याकडे मतस्वातंत्र्य आहे, ऑफिसर. खलास, विषय संपला." सकाळी जो सैन्याचा अपमान होता, तो दुपारी मतस्वातंत्र्य झाला! ड्रायव्हरची माफी मागा म्हटलं, तर म्हणतो, आता तो घरात असला तर आम्हाला अवघडल्यासारखं होईल.

ड्रायव्हरचं विमान टळलं, पण त्याची बदली इंडस्ट्रियल एरियात झाली, मजुरांच्या बसवर. मी वर तक्रार केली, भांडलो. कुणी ढुंकून पाहिलं नाही. निर्दोष ठरणं वेगळं आणि आपल्या जागेवर परत बसणं वेगळं, हे पोलिसांतल्या इतक्या वर्षांत शिकलो नव्हतो, ते मला त्या प्रकरणाने शिकवलं. आरोप करणाऱ्याच्या हातातच नोकरी असली, तर तपास कितीही चोख करा, निकाल त्याचाच लागतो.

पुढे एकदा त्या भागात कामाला गेलो, तर तो ड्रायव्हर भेटला. बस भरत होती.

"साहेब, गुन्हा माझा नाही हे सिद्ध झालं ना?"

"झालं."

"सगळ्यांना कळलं?"

"कळलं."

"मग मी इथे कशाला?" त्याने विचारलं. मागून फोरमन "यल्ला, यल्ला, चल लवकर" ओरडत होता, आणि त्याला बस काढावी लागली.