मधली एक वीट

इंग्लंडातल्या बर्नली गावच्या गिरणीमालकानं कामगारांसाठी लाल विटांची घरं रांगेनं उभी केली, पण हात आखडून. दोन घरांत एकच भिंत, तिच्यात दोन्हीकडच्या शेगड्या पाठीला पाठ लावून, मध्ये जेमतेम एक वीट. चिक्कूपणाच तो, पण बायकांनी त्याचं सोनं केलं. कोळसे ढवळायच्या सळईनं शेगडीच्या पाठीवर दोनदा ठोकलं की चहाला ये. ठोकतच राहिलं की धावत ये. एडा ऑर्मरॉडची तिन्ही बाळंतपणं अशीच निभावली. नवरा गेला त्या पहाटेही शेजारची विनी ठोके ऐकूनच अनवाणी धावली होती. विनीचं घर रांगेतलं शेवटचं. भिंतीपलीकडे माणूस म्हणजे एकटी एडाच.

गिरणीत जन्म गेला, म्हातारपणी एडाला नव्याची हौस आली. लेकीनं खोट्या निखाऱ्यांची विजेची शेगडी आणली. जुनी विटांनी बुजवली, वर गिलावा, वर चकचकीत फळी. एडा आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायची.

"अगं, पण मी ठोकलं तर ऐकू येईल का तुला?" विनीनं विचारलं.

"न यायला काय झालं? पोटात दुखतंय तुझ्या, दुसरं काय."

"माझ्या? असल्या खेळण्यापायी?"

एडाला ते झोंबलं. "मग नको ठोकूस. तुझी कटकट ऐकायला बसले नाहीये मी."

दोघींनी अबोला धरला. भिंतीतून चहाचं बोलावणं येईना, तेव्हा एडा मनात म्हणाली, बसू दे फुगून, येईल झक मारत.

मग एका सकाळी दूधवाला म्हणाला, विनीच्या उंबऱ्यावर बाटल्या साचल्यात. दार फोडलं. विनी विझलेल्या शेगडीपाशी पडली होती, मांडीचं हाड मोडलेलं, सळई मुठीत. शेगडीच्या पाठीची वीट ठोकून ठोकून अर्धी झिजली होती. विनीचे केस लाल भुकटीनं माखले होते. एडानं तिच्या मुठीतली सळई सोडवली.

इस्पितळात विनीनं डोळे उघडले. एडानं तिचा हात धरला.

"ठोकत होते गं मी," विनी म्हणाली. "रागावली होतीस, ठाऊक होतं. पण इतकी?"

"विने, देवाशपथ, मला ऐकूच आलं नाही. ती शेगडी बुजवलीय ना, म्हणून."

"असू दे. आता कशाला खोटं बोलतेस?"

एडा रडत पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली. विनीनं हात सोडवून घेतला आणि तोंड फिरवलं. संध्याकाळी ती गेली, तसंच समजून.