चुकीच्या घोळक्यातले तीन मासे

स्क्रीनवर सगळं मस्त दिसत होतं. नदीचे मासे डावीकडे, तळ्याचे मासे उजवीकडे, मधे मोकळी जागा. फक्त नदीचे तीन मासे जाऊन बसले होते तळ्याच्या घोळक्यात!

मी बडोद्यात एका लॅबमध्ये प्रोजेक्टवर होते तेव्हाची गोष्ट. जात एकच, पण तळ्यातला मासा आणि नदीतला मासा आकारानं वेगळा असतो का, एवढंच शोधायचं होतं. वेगळा निघाला तर प्रोजेक्ट आणखी एक वर्ष चालणार. नाही निघाला तर मी घरी.

काम कसं, तर फॉर्मलिनमध्ये टिकवून ठेवलेला मासा बरणीतून काढायचा, फोटो घ्यायचा आणि कॉम्प्युटरवर प्रत्येक माशाच्या त्याच त्याच जागी माउसनं ठिपका मारायचा. तोंडाचं टोक, डोळा, कल्ल्याची कड, पाठीचा वळसा, शेपटीचं मूळ. या ठिपक्यांना लँडमार्क म्हणतात. मग कॉम्प्युटर लहान-मोठेपणा बाजूला ठेवून नुसता आकार बघतो आणि सारख्या आकाराचे मासे स्क्रीनवर जवळजवळ मांडतो. पण ठिपके कुठे मारायचे ते माणसानं ठरवायचं. म्हणजे मी. एकटीनं.

लॅबमध्ये दुसरं कुणी नव्हतंच. माझी अख्खी बॅच जवळच्या वाघोडियाच्या कंपन्यांत लागली होती. सर बाहेरगावी कॉन्फरन्सला. शेजारच्या खोलीत अटेंडंट रमणभाई बसायचे, पण आमचं बोलणं रोज तेवढंच. "किल्ली?" "आ ल्यो, बेन." मग मी माशांशीच बोलायचे, खरंच! "चल रे, डोळा कुठाय तुझा?" संध्याकाळी आई विचारायची, "आज कुणाशी बोललीस का?" मी म्हणायचे, "चाळीस जणांशी." ती हसायची नाही. "पाठ ताठ ठेव," एवढंच म्हणायची.

सरांचा फोन आला. "वेगळे आहेत ना? उद्या मी इथे तसंच सांगतोय."

"हो सर, तीन सोडून."

"तीनच ना? अगं, ठिपके चुकले असतील. परत मार. नाहीच जमलं तर काढून टाक."

परत मारले. तिघं जागचे हलले नाहीत. म्हटलं, काढण्याआधी एकदा बघून तरी घेऊ. रमणभाईंना नंबर दिले. त्यांनी बरणी टेबलावर ठेवली आणि सहज म्हणाले, "आ तो पेली नानी बरणीवाळी."

"छोटी बरणी? कुठली?"

तेव्हा कळलं. तळ्याचे सगळे मासे कितीतरी वर्षं छोट्या बरण्यांत कोंबून ठेवले होते, डोकं खाली, शेपटी वर. नवीन मोठ्या बरण्या आल्यावर रमणभाईंनीच ते हलवले. नदीचे मासे पहिल्यापासून मोठ्या बरणीत. हे तीन सोडून! हे आले तेव्हा मोठ्या बरण्या संपल्या होत्या, म्हणून हे छोटीत गेले.

मी डोक्यावर मोजकेच ठिपके मारले होते, बाकी सगळे पाठीवर आणि शेपटीवर, कारण डोक्याच्या हाडांत काय बघायचं, असं वाटलं होतं मला. आणि छोट्या बरणीत कोंबल्यावर वाकते नि कायमची तशीच राहते ती पाठ नि शेपटीच. डोक्याचं हाड वाकत नाही. मी तळं आणि नदी मोजतच नव्हते, बरण्या मोजत होते!

फक्त डोक्यावरचे ठिपके ठेवून पुन्हा केलं. दोन्ही घोळके एकमेकांत मिसळून गेले. मधली मोकळी जागाच गेली.

तीन मासे काढून टाकले असते तर कुणाला कधी कळलं नसतं. मी बराच वेळ फोनकडे बघत बसले. मग सरांना लावला आणि सगळं सांगितलं.

सर हळूच म्हणाले, "हे कुणाला बोललीस का?"

"सर, इथे आहेच कोण?"

"ठीक आहे. मी उद्याच्या भाषणातून ते पान काढतो."

काढलंही त्यांनी. प्रोजेक्ट वाढला नाही. शेवटच्या आठवड्यात मी आणि रमणभाई प्रत्येक बरणीवर चिठ्ठ्या चिकटवत होतो: मासा आधी कशात होता, कधी हलवला. त्यांना सगळं तोंडपाठ! मी विचारलं, "आधी का नाही सांगितलंत?"

"तमे क्यां पूछ्युं, बेन?"

आता कुठलंही स्पेसिमेन आलं की ठिपके मारायच्या आधी मी विचारते, हे कशात ठेवलं होतं, आणि कुणी. रमणभाईंशी किल्लीपलीकडे दोन शब्द बोलले असते, तर तीन महिने वाचले असते.