खोटा कावळा

आमच्या घरात ‘पाळी’ हा शब्द कुणी उच्चारत नसे. कावळा शिवला, एवढंच म्हणायचं. कावळा शिवला की तीन दिवस मागच्या पडवीत बसायचं, चुलीकडे फिरकायचं नाही, पाण्याच्या घागरीला हात लावायचा नाही, सासू उंबऱ्याशी ताट ठेवील ते उचलून घ्यायचं. चौथ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ केली की मोकळी. माझं माहेर खानापूरकडचं. तिथंही हेच, त्यामुळं लग्न होऊन रामनगरला आले तेव्हा मला त्यात नवं काही वाटलं नाही. राग मात्र यायचा. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते.

ह्या रिवाजात एक मोठी खोच आहे. बाई कधी बाहेर बसली आणि कधी नाही, हे सगळ्या गल्लीला पाठ असतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि एके वर्षी पावसाळ्यानंतर मी दोन महिने बाहेर बसलेच नाही. झालं! शेजारणीनं डोहाळ्यांना म्हणून आंबट अंबाडे आणून दिले. सासऱ्यांनी दुकानात पेढे मागवायचे की जिलेबी, ह्यावर माझ्या नवऱ्याशी वाद घातला. गोव्याच्या रस्त्याला आमचं ट्रकच्या टायरांचं पंक्चर काढायचं दुकान होतं, तिथं येणाऱ्या ड्रायव्हरांनासुद्धा कळलं असणार. सासू तेवढी काही बोलली नाही. ती मूळची कुंभारवाड्याकडची, रानातली. तिकडं वाडीतलं एक घर इथं तर दुसरं टेकडीपलीकडं, बोलायला माणूसच नाही, म्हणून ही अशी झाली असेल असं मी माहेरी गंमतीनं सांगायचे. पण त्या दोन महिन्यांत तिनं मला घागर उचलू दिली नाही, आणि माझ्या ताटात भातावर तूप जरा जास्तच पडायला लागलं.

मी हरखले होते, खोटं कशाला सांगू. नवऱ्याबरोबर बेळगावला डॉक्टरीणबाईंकडं गेले तीही नवं लुगडं नेसून. बाईंनी तपासलं, रक्त काढलं, चार दिवसांनी पुन्हा बोलावलं आणि सांगितलं की दिवस गेलेले नाहीत. पाळीच गेली आहे. काही बायकांची लवकर जाते, शंभरात एखादीची. माझं वय तेव्हा अठ्ठावीस. मी त्यांना म्हटलं, “बाई, माझ्या सासूला अजून येतीया.” हे खरं होतं की नाही मला माहीत नाही, रागाच्या भरात बोलले.

परतीच्या बसमध्ये नवरा खिडकीबाहेर बघत होता. मी मात्र वाटेतच ठरवलं. घरी पोचले, चप्पल काढली, आणि सासूला म्हणाले, “आत्ती, कावळा शिवला.” आणि सरळ पडवीत जाऊन बसले.

असा माझा खोटा कावळा सुरू झाला. वांझ म्हणून घ्यायची तयारी होती, पण अठ्ठाविसाव्या वर्षी म्हातारी झाले हे कुणाला कळलेलं मला चालणार नव्हतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी अठ्ठावीस अठ्ठावीस दिवस मोजायचे आणि वेळेवर बाहेर बसायचे. पुढं पुढं धीट झाले. गौरीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका एकमेकींच्या कडेवरची पोरं दाखवणार असं दिसलं की माझा कावळा आठ दिवस आधीच शिवायचा. दिराच्या मुलाचं जावळ होतं तेव्हाही शिवला. माझ्या कावळ्याइतका शहाणा कावळा जोयडा तालुक्यात दुसरा नसेल. पडवीत तोंडावर पदर घेऊन पडून राहायचे. पोट दुखत असेल म्हणून कुणी हाक मारत नसे.

त्याच काळात नवऱ्यानं एकदा जेवताना विषय काढला. बेळगावात अनाथाश्रम आहे, तिथून मूल आणलं तर? सासू वाढत होती. तिनं भाताचं पातेलं खाली ठेवलं. “परक्याचं कशाला?” एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली. त्या दिवशी ती जेवलीही नाही. मी नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं ताटाकडं बघितलं. पुन्हा तो विषय घरात निघाला नाही.

तीन वर्षं अशी गेली. रामनगरात एसटीडीचे पिवळे बूथ नुकतेच आले होते. त्यातल्या एका बूथवरून नवऱ्यानं पुण्याच्या एका डॉक्टरांना फोन लावला. बेळगावच्या बाईंनीच नंबर दिला होता. तिथं दुसऱ्या बाईचं बीज घेऊन, नवऱ्याचं वापरून, बाहेर काचेत जुळवून ते माझ्या पिशवीत सोडता येईल असं डॉक्टर म्हणाले. बीज घरातल्याच कुणाचं असलं तर बरं. बहीण आहे का?

बहीण होती. माझ्याहून चार वर्षांनी लहान, खानापूरजवळच्या एका खेड्यात दिलेली, दोन पोरांची आई. मी तिच्या घरी गेले. परसात ती भात पाखडत होती. मला नीट मांडणी करून बोलायला येत नाही, एकदम सगळं ओकून टाकलं. ती सूप थांबवून ऐकत राहिली.

“अक्का, पर माझं आप्रेशन झालंय की. माझी कुठनं येनार?”

“वाट तेवढी बंद केलीया म्हनत्यात. बी येतंच असतंय.”

“अगंबाई! मला ठावंच न्हाई. मग घे की. मला काय करायची हायत?” आणि पुन्हा पाखडायला लागली. मी तिथंच जमिनीवर बसून रडले. तिचा नवरा संध्याकाळी शेतातून आला, त्यानं एकच विचारलं, तिच्या जिवाला काही होणार नाही ना. होणार नाही म्हटल्यावर तो म्हणाला, “मग मी कोन न्हाई म्हननारा?” असा जावई मिळायला नशीब लागतं.

घरी सांगितलं, बहिणीला पोटाचं दुखणं आहे, पुण्याला दाखवायचं, सोबत मी जाते. लोंढ्याला गाडीत बसलो. पुण्यात दवाखान्याजवळ एक खोली घेतली, स्टोव्हवर आमटी-भात करून खायचो. तिला रोज पोटात सुई, मला रोज गोळ्या. नवरा टायर आणायचं निमित्त काढून मधे दोन दिवस येऊन गेला. पहिल्यांदा गोळ्यांनी मला खरोखर रक्त गेलं, तीन वर्षांनी. मी सवयीनं खोलीच्या कोपऱ्यात जाऊन बसले. बहीण पोट धरून हसायला लागली, “ऊठ गं, हितं कोन बघायला हाय?” मी उठले आणि स्वतःच्या हातानं चहा केला. तसा चहा मी जन्मात प्याले नव्हते.

पहिल्या वेळी जमलं नाही. घरी परत आले, आणि खोट्याला खरं जोडून पुन्हा पडवीत बसले. सासूनं ताट ठेवलं. “भनीचं दुखनं बरं झालं काय?” तिनं विचारलं. मी म्हटलं, अजून एकदा जावं लागंल. सहा महिन्यांनी पुन्हा गेलो. बहिणीला दुसऱ्यांदा त्या सगळ्या सुया. काढायच्या दिवशी तिला भूल दिली, शुद्धीवर आल्यावर तिनं मला पहिलं विचारलं, “किती निघाली?” सात, म्हटलं. “सात! मी दमडीच्या कामाची न्हाई म्हनून माझी सासू बोंबलत असतीया,” म्हणाली आणि परत झोपली. पंधरा दिवसांनी नर्सनं कागद हातात दिला तेव्हा मी त्या नर्सच्या गळ्यातच पडले. ती दोन पावलं मागं सरकली.

आता खरी धास्ती सुरू झाली. नऊ महिने मी पडवीत बसले नाही. गल्लीनं पुन्हा अंबाडे आणले. सासूनं पुन्हा घागर उचलू दिली नाही, भातावर तूप घातलं, आणि मला त्या तुपाचा घास गिळवेना. परक्याचं कशाला, हे तिचे शब्द कानात होते. हिला कळलं तर? माझ्या बाळाला ही पातेल्यासारखं खाली ठेवून निघून गेली तर? रोज ठरवायचे की आज सांगू, आणि रोज तिच्या त्या न बोलणाऱ्या तोंडाकडं बघून उद्यावर टाकायचे. नवरा म्हणायचा, मूल माझं आहे, मग तिची नातच आहे, सांगायचं कशाला? पुरुषांना हिशेब लवकर सुटतात. अर्धं तरी बाहेरचं होतंच ना! आणि ते अर्धं म्हणजे नेमकं माझं.

मुलगी झाली. गोरी, बारीक डोळ्यांची, कानाच्या पाळ्या सुटलेल्या. माझ्या कानाच्या पाळ्या चिकटलेल्या आहेत, बहिणीच्या सुटलेल्या. दुसरं कुणी असं बघतं का? मी मात्र बाळंतिणीच्या खोलीत बारा दिवस त्या कानांकडंच बघत होते. टोपडं कान झाकेल असंच घालायचे.

बाराव्या दिवशी बारसं. बहीण आदल्या दिवशी आली होती, पण बाळाला घ्यायला पुढं येत नव्हती. स्वयंपाकघरात राबत होती, पाहुण्यासारखी नव्हे, मोलकरणीसारखी. ती दूर राहते आहे हे मला कळत होतं आणि, देवा शप्पथ सांगते, ती दूर आहे म्हणून मला बरंही वाटत होतं. ज्या बहिणीनं दोनदा सुया टोचून घेतल्या तिच्याबद्दल असं वाटावं? पण वाटलं.

पाळणा बांधला, बायका जमल्या. ओटी भरायला पाळण्याशेजारी बाळाच्या आईचा पाट मांडतात. सासूनं आतून पाट आणला, मांडला, रांगोळी ओढली. मग परत आत गेली आणि दुसरा पाट घेऊन आली. तो पहिल्याला लावून मांडला.

“दोन कशाला वं?” शेजारणीनं विचारलं.

“बसनाऱ्या दोघी हायत.” सासू स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि माझ्या बहिणीचा दंड धरून तिला बाहेर घेऊन आली. बहिणीचे हात पिठानं भरलेले. “आवं मी कशाला, मी कशाला,” करत ती माझ्याकडं बघायला लागली.

“बारशात मावशीची वटी कुठं भरत्यात?” दुसरी एक म्हातारी म्हणाली.

“आमच्यात भरत्यात,” सासू म्हणाली. “कुंभारवाड्याकडं पद्धतच हाय.”

आणि तिनं माझ्या आधी माझ्या बहिणीची ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, खण. वर हिरवी साडी ठेवली, तश्शीच दुसरी माझ्यासाठी होती. मग खाली वाकून तिनं बाळ उचललं आणि माझ्या नव्हे, बहिणीच्या मांडीवर ठेवलं. टोपडं सरकलं. बहीण मान खाली घालून ढसाढसा रडायला लागली. बायका म्हणाल्या, मावशीचा जीव केवढा बघा! पुढं गल्लीतल्या दोन-तीन घरांत बारशाला मावशीची ओटी भरलेली मी पाहिली आहे. कुंभारवाड्याची पद्धत म्हणून. मी नंतर तिकडच्या चार जणींना विचारलं. अशी पद्धत तिकडं कुठंही नाही.

पंगती उठल्यावर सासू स्वयंपाकघरात एकटी होती. मी आत जाऊन दार लोटलं.

“कुनी सांगितलं तुमाला?”

“कोन सांगायला पायजे? दुखनं भनीचं, आन गोळ्या तू खात हुतीस. तिच्या पोटावर सुयांचे डाग. पुन्यासनं परत येताना हितं उतरली हुती, तवा न्हाताना बघितले मी.”

मला राग आला. कशाचा, देव जाणे. “मग आता परक्याची म्हना तिला! म्हना!”

“गप. वरडू नगंस, दूध आटंल.” तिनं उरलेला भात टोपलीत काढला. “आश्रमातलं लेकरू आनलं असतं तर तुला कोन वळखलं असतं त्याच्यात? म्हनून नगं म्हटलं. ह्यात तू हाईस. तुझी आई हाय.”

मी चुलीजवळ खाली बसले. मग एकदम मनात आलं ते विचारलं, “आत्ती, मी बाहेर बसत हुते ते?”

“ते काय?”

“ते खोटं हुतं. तेबी ठावं हुतं तुमाला?”

“तुझी कापडं कवा वाळत दिसली न्हाईत. पयल्याच म्हैन्यात कळलं.”

“मग उठवला का न्हाईसा मला? तीन वर्सं ताट आनून दिलासा!”

तिनं टोपलीवर फडकं टाकलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, “ह्या घरात रडायला तुला दुसरी जागा कुठं हुती?”